मापाची मारिंबा

सिल्विनो पेर्लासाला काहीही विचारा, तो आधी नदीकडे बघायचा. लग्न कधी करतोस? पाणी उतरू दे. छप्पर कधी शाकारतोस? पाणी उतरू दे. आमच्या एल नातो गावात नदी समुद्राच्या भरतीने दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते, त्यामुळे हे उत्तर द्यायला तो कायम मोकळा. लग्न त्याने केलंच नाही. छप्पर शेवटी मी आणि त्याची थोरली बहीण फिदेलिना, आम्ही दोघांनी शाकारलं, आणि हा खाली बसून लाकडाच्या एका पट्टीवर ठोकत, मान वाकडी करून ऐकत होता. माणूस आळशी नव्हता हो. एकाच कामाचा होता, इतकंच.

ते काम म्हणजे मारिंबा. चोंता ताडाच्या लाकडाच्या पट्ट्या, प्रत्येकीखाली बांबूचं नळकांडं, आणि वाजवायला रबर गुंडाळलेल्या काठ्या. गुआपी नदीच्या आमच्या टापूत वाजवणारे पुष्कळ होऊन गेले, पण बनवणारे पेर्लासांच्याच घरात. मी ओतोनिएल, कुनुनो वाजवतो. कुनुनो म्हणजे हाताने बडवायचा ढोल. माझे दुधाचे दात पडत होते तेव्हापासून सिल्विनोच्या उजव्या हाताला बसत आलो आहे, त्यामुळे हे सगळं ऐकीव नाही, डोळ्यांदेखतचं आहे.

त्याच्या घरात तुळईला एक मारिंबा टांगलेली असायची. तिला सगळे 'आई' म्हणत. त्याच्या बापाने केलेली की आजोबाने, यावर बहीणभावाचं कधी एकमत झालं नाही. ही आई विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही, दुसऱ्याच्या घरी रात्रभर ठेवायची नाही. नवी मारिंबा करायची झाली की नव्या पट्ट्या आईशेजारी मांडायच्या, एक टोला आईवर मारायचा, एक नवीवर, आणि सुरीने नवीला खालून खरवडत जायचं. मध्यावर खरवडलं की सूर उतरतो, टोकांना खरवडलं की चढतो. दोन्ही टोले एक झाले की पुढची पट्टी घ्यायची. बापाने त्याला हेच शिकवलं, आणि त्यानेही बापाकडून दुसरं काही शिकायची तसदी घेतली नाही.

फिदेलिनाचा गळा त्याच पट्ट्यांखाली वाढलेला. पाळण्यात होती तेव्हा पाळणा आईच्याच तुळईला बांधलेला. काय आवाज होता बाईचा! नदीच्या या काठावरून तिने आपल्या पोरीला जेवायला हाक मारली की पलीकडच्या काठावरची पोरंही उठून घरी जायची. देवमातेची गाणी असोत, मेलेल्या पोराला निरोप द्यायची गाणी असोत, पहिली ओळ तिची, आणि मग बाकीच्या बायका मागून उचलायच्या. भावावर तिचा जीव होता आणि जीभही तितकीच. "देवाने तुला दोन हात दिले," ती म्हणायची, "आणि दोन्ही एकाच मारिंबाला लावलेस. निदान एकाने भात तरी कांडायचास."

सगळं बरं चाललेलं असताना माणसाला पुढचं दिसत नाही. मग एके वर्षी दिसायला लागतं. सिल्विनोकडे शिकायला आता कोणी येईना. पोरं काली शहरात गेली, काही सोन्याच्या खाणीवर गेली, काही बंदुका घेतलेल्या अशा माणसांबरोबर गेली की त्यांची नावं मी इथे घेणार नाही. सिल्विनोच्या डोळ्यांत मोतीबिंदू पडायला लागला. एकदा आम्ही दोघं बिचे पीत बसलो होतो. घरची उसाची दारू, पहिला घोट जमिनीला. तो घोट सांडून तो म्हणाला, "गड्या, मी गेलो की हिला कोण वाजवणार?"

"मी आहे ना."

"तू?" तो म्हणाला. "तू माझ्याआधी जाशील. तुझी खोकल्याची ढास बघ."

हसलो आम्ही. पण त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. त्याला स्वतःच्या मरणाची फिकीर नव्हती. आईला वारस हवा होता.

अशात दुबान बांगेरा आला. त्याची आजी आमच्याच नदीवरची, पण पोरगा कालीत जन्मलेला, कालीत वाढलेला. होडीतून उतरताना पहिला पाय चिखलात आणि फोन बुएनाव्हेंतुरा बंदरातून येणाऱ्या बोटीतूनच पाण्यात पडलेला. फिदेलिनाने त्याला हिरव्या केळ्यांवर वाफवलेली मासळी वाढली आणि म्हणाली, "खा बाबा. आजीने तुला नदी शिकवली नाही, मासे तरी खायला शिक." पोरगा गोड होता. हे मी मुद्दाम सांगतो, कारण या गोष्टीत कोणी दुष्ट माणूस नाही. असता तर बरं झालं असतं, त्याला शिव्या देत बसलो असतो.

दुबानची गाणारी-वाजवणारी मंडळी कुठल्या कंपनीची नव्हती. गाणी स्वतःच बांधायची, जाहिरातीचे कागद भिंतींवर स्वतःच चिकटवायचे, दारात उभं राहून तिकिटंही स्वतःच फाडायची. अशाच पाच-सहा टोळक्यांनी मिळून कालीत एका जुन्या साखरेच्या गोदामात गाण्याची संध्याकाळ ठरवली होती. तिथे त्याला सिल्विनो हवा होता, फिदेलिना हवी होती आणि आई हवी होती. कुनुनोवाला म्हणून मी आपला लग्नात करवली आल्यासारखा.

"आणि मामा," दुबान जाताना म्हणाला, "डिसेंबरात मी इकडे येतो. वर्षभर राहतो. मला शिकवाल?"

सिल्विनोने नदीकडे बघितलं नाही. लगेच म्हणाला, "शिकवीन."

आई पहिल्यांदा गाव सोडून निघाली. चादरीत गुंडाळून, आधी आमच्या होडीतून, मग मालाच्या बोटीतून, मग ट्रकमधून. बोट हलायला लागली की सिल्विनो तिच्यावर हात ठेवून बसायचा. फिदेलिना कालीला पोचल्या पोचल्या आपल्या मुलीकडे गेली, म्हणून तालमीला फक्त आम्ही दोघं होतो.

तालमीत पहिलं गाणं सुरू झालं आणि कीबोर्डवाल्या मुलीने कळांवरचे हात उचलले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा उचलले. आवाजाच्या यंत्रांपाशी बसलेला पोरगा लाजत लाजत म्हणाला, "मामा, मारिंबा जराशी बेसूर झालीय का हो प्रवासात?"

"बेसूर तुझा बाप," सिल्विनो म्हणाला.

सगळे हसले, पण गाणं काही जुळेना. मग दुबान त्याच्याशेजारी जमिनीवर बसला. "मामा, चूक कोणाचीच नाही. तुमच्या घराला शिडी आहे ना, तिच्या पायऱ्या सगळ्या सारख्या अंतरावर आहेत, तसे तुमचे सूर. आमच्या जिन्यात दोन पायऱ्या बुटक्या आहेत. एकत्र चढायला गेलं की कोणीतरी ठेचकाळणार."

"मग काढा त्या बुटक्या पायऱ्या."

"गिटारमध्ये आहेत, कीबोर्डमध्ये आहेत, ट्रम्पेटमध्ये आहेत. कुठून कुठून काढू?" मग तो म्हणाला, "असं करू या. इथे एका मित्राकडे शहरी सुरातली मारिंबा आहे. ती आणतो, तुम्ही ती वाजवा. आई राहू दे बाजूला. तिला काही करायला नको."

पोराने काही वाईट सुचवलं नव्हतं. सिल्विनोने हो म्हटलं असतं तर मी आज ही गोष्ट सांगत नसतो. पण तो उठून अंगणात गेला, आंब्याखाली बसला, आणि मी मागोमाग गेलो तेव्हा त्याने मला त्याचं सगळं गणित सांगितलं. "दुसऱ्याची मारिंबा मी वाजवली, तर हा पोरगा माझ्याकडे कशाला शिकायला येईल? ज्याची मारिंबा, त्याच्याकडे जाईल. जवळच आहे तो, रस्त्यापलीकडे. मग डिसेंबर कसला आणि काय कसलं."

"मग काय करणार?"

त्याने खिशातून सुरी काढली.

मी म्हणालो, "गड्या, डोकं फिरलंय का तुझं? ही आई आहे."

"खरवडीन. घरी गेल्यावर परत खरवडून होती तशी करीन. मध्यावर खरवडलं की उतरतं, टोकाला खरवडलं की चढतं. जन्मभर दुसरं काय केलं मी?"

"आणि माप? मापाला काय घेशील?"

"हे कान काय लोणचं घालायला आहेत?"

दुपारभर काम चाललं. दुबानने दोनदा येऊन विचारलं, "मामा, नक्की ना?" आणि सिल्विनोने दोनदा त्याला हाकललं. कीबोर्डवाली मुलगी अंगणात कीबोर्ड घेऊन बसली. तिने एक कळ दाबायची, त्याने पट्टीवर टोला मारायचा, खरवडायचं, पुन्हा कळ, पुन्हा टोला. अगदी बापाने शिकवलं होतं तसं. लाकडाचा काळा भुगा त्याच्या मांडीवर साठत होता आणि तो खुशीत होता. मुलीला म्हणाला, "कान चांगला आहे हो तुझा." मला तिथे बसवेना. मी रस्त्यावर जाऊन मीठ-मध लावलेली चोंतादुरोची उकडलेली फळं खात उभा राहिलो.

संध्याकाळी गोदाम माणसांनी फुलून गेलं. आधी दोन टोळकी वाजवून गेली. एक किनाऱ्याकडची बासरीवाली पोरं होती, एक डोंगराकडची तारांची वाद्यं घेऊन आलेली. दोन्ही गोड. मग आम्ही. फिदेलिना मुलीच्या घरून थेट आली होती, पांढरा कडक इस्त्रीचा झगा, डोक्याला पिवळं फडकं, हातात बिया भरलेली बांबूची नळी, जिला आम्ही ग्वासा म्हणतो. मी सिल्विनोला विचारलं, "तिला सांगितलंस?" तो म्हणाला, "गाऊ दे आधी. पाणी उतरू दे."

पहिली ओळ तिची एकटीची असते. तिने सूर लावला आणि ते गोदाम, ते दिवे, ती गर्दी, सगळं गप्प झालं. त्या ओळीत आमची नदी होती. मग मारिंबा आली. मी बाजूलाच होतो, म्हणून मला दिसलं. तिच्या हातातला ग्वासा अर्धा ठोका थांबला. तिने झटकन भावाकडे बघितलं, जसं कोणी अंधारात पायरी समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी. लोकांना काही कळलं नाही. ती थांबली असती तर कळलं असतं, पण फिदेलिना थांबणारी बाई नव्हे. तिने गळा वळवला. दुसरी ओळ तिने मारिंबाच्या मागे जाऊन गायली, तिसरी तिच्या बरोबरीने. लोकांनी पांढरे रुमाल काढले, डोक्यावर फिरवायला लागले, नाचायला लागले, आणि आजी, आजी म्हणून ओरडायला लागले.

मागे आल्यावर ती घामाने थबथबलेली होती. "काय केलंस तिला?"

"थोडी खरवडली."

"आईला?"

"परत करीन गं ताई. घरी गेल्यावर लगेच."

तिने त्याच्या दंडावर ग्वासा हाणला, चांगला जोरात. "मेल्या! सगळ्या गावाला एकच तर आई होती!" पण तेवढ्यात दुबान रडत येऊन तिच्या गळ्यात पडला, मागोमाग अनोळखी पोरीबाळी तिच्याबरोबर फोटो काढायला आल्या, आणि बाई चिडलेली की खुशीत आहे हे तिचं तिलाही कळेना.

घरी आल्यावर सिल्विनोने या वेळी कशाचीच वाट बघितली नाही. आईला टांगलं, एका टोकाची पट्टी सोडवली, टोकाला सुरी लावली, खरवडलं, टोला मारला. ऐकलं. पुन्हा खरवडलं, पुन्हा ऐकलं. मग सुरी तशीच धरून बसून राहिला.

"काय झालं?" मी विचारलं.

"थांब जरा." मग आणखी दोन टोले ऐकून, "असं होतं बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

त्याच्या चेहऱ्याचा रंगच उडाला होता. दोन सूर एक आहेत की नाहीत हे त्याच्याइतकं या नदीवर कोणाला कळत नव्हतं. पण एकटा सूर बरोबर आहे की नाही, हा प्रश्न त्याला जन्मात कधी पडलाच नव्हता. आई समोर असायची. तो तिला विचारायचा. ज्याला तो आपला कान समजत होता ते लाकूड होतं, आणि त्याचा भुगा कालीच्या अंगणात आंब्याखाली पडला होता.

त्याने आणखी एका पट्टीला हात घातला. चढव, उतरव, चढव करता करता दोन्ही पट्ट्या इतक्या पातळ झाल्या की टोला मारला की नुसतं ठक्क वाजायचं, पाटावर सुरी आपटावी तसं. मग तो घाबरला. बाकीच्यांना त्याने हातच लावला नाही.

डिसेंबरात देवमातेची वरात निघते, होड्यांवर दिवे लावतात, बायका गातात. त्या संध्याकाळी फिदेलिनाने ओळ लावली, मारिंबा आली, आणि मागच्या बायकांची धांदल उडाली. त्यांना कोणी गळा वळवायला शिकवलं नव्हतं. अर्ध्या इकडे गेल्या, अर्ध्या तिकडे. सगळ्यात म्हातारी एउलालिया मध्येच थांबून म्हणाली, "मारिंबाला ताप आलाय का गं?" कोणी हसलं नाही. फिदेलिनाने हात वर करून मारिंबा थांबवली आणि नुसत्या ढोलांवर गाणं पुरं केलं. सिल्विनो दोन्ही काठ्या मांडीवर घेऊन शेवटपर्यंत तिथेच बसला होता. उठून जायची त्याला हिंमत झाली नाही. त्यानंतर फिदेलिना त्याच्याशी बोलायची बंद झाली.

मग आम्ही दोघं आईच्या लेकी शोधत निघालो. म्हणजे त्याने आईवरून माप घेऊन केलेल्या मारिंबा. एकीला वाळवी लागली होती, पट्ट्या हातात घेतल्या की भुसा पडायचा. एक खालच्या गावात होती, चांगली टवटवीत दिसत होती, सिल्विनोने टोला मारला आणि त्याचं तोंड उतरलं. घरधनी अभिमानाने म्हणाला, "माझ्या पोराने लावून घेतली, प्रार्थनेच्या कीबोर्डबरोबर वाजते आता." तिसरी वरच्या अंगाला होती, पण तिथली माणसं एका रात्रीत गाव सोडून गेली आहेत आणि तिथे आता कोण राहतं हे विचारायचं नसतं. सिल्विनो तरी निघाला होता. एकाही होडीवाल्याने त्याला नेलं नाही, आणि मी पण नेलं नसतं.

लोकांच्या फोनांमध्ये आमच्या नाचगाण्यांचे व्हिडिओ होते. त्यांत बोंबोचा, म्हणजे मोठ्या ढोलाचा गडगडाट, बायकांचा गलका आणि कोणाचं तरी कुत्रं. मारिंबा आहे एवढं कळायचं. ती काय म्हणते ते कळायचं नाही.

शेवटी आम्ही देवळामागच्या टेकाडावर चढून दुबानला फोन लावला. गावात तिथेच रेंज येते. पोरगा आनंदाने ओरडत होता. "मामा! आई आता कीबोर्डमध्ये आहे! एकेका पट्टीचा आवाज भरून घेतलाय आम्ही. माद्रिदला वाजवली, लोक वेडे झाले!"

"तू डिसेंबरात येणार होतास."

"येणार मामा, देवाशपथ येणार. हा दौरा संपू दे फक्त."

सिल्विनोने विचारलं, "खरवडायच्या आधीचा आवाज भरून घेतलास का? तालमीतला?"

मग दुबान म्हणाला, "तेव्हा माइक लावले नव्हते, मामा." आणि मग घाईने, "मी तुम्हाला फोनमधलं एक यंत्र पाठवतो. कुठलाही सूर बरोबर आहे का ते सांगतं."

"कोणाचा सूर?"

"हं," दुबान म्हणाला. "तो... आमचाच."

सिल्विनोने फोन मला दिला आणि टेकाड उतरून गेला.

त्याच सुमाराला फिदेलिनाच्या मुलीने कालीच्या त्या संध्याकाळचं सगळं गाणं तिच्या फोनवर पाठवलं. बाईने उभ्या जन्मात स्वतःचा आवाज बाहेरून कधी ऐकला नव्हता. पहिल्यांदा ऐकून म्हणाली, "ही कोण म्हातारी किंचाळतेय?" दुसऱ्यांदा गप्प बसून ऐकलं. तिसऱ्यांदा शेजारणींना बोलावलं. मग तो फोन मासे साफ करताना शेजारी, कपडे धुताना दगडावर, रात्री उशाशी. लोक आजी, आजी ओरडायचे तिथे ती दर वेळी हसायची. फोनबरोबर आपणही गायची, पूर्ण गळ्याने. आमच्या घरांच्या भिंती फळ्यांच्या, सगळं सगळ्यांना ऐकू येतं. ती गायला लागली की सिल्विनो होडी घेऊन नदीवर निघून जायचा.

ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत आमच्याकडे मारिंबा वाजवत नाहीत. अशा एका सकाळी मी सिल्विनोकडे बसलो होतो आणि शिडी करकरली. फिदेलिना. महिनोन्‌महिने तिने त्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. सरळ आत आली आणि भावासमोर उभी राहिली.

"उठ. सुरी घे."

"कशाला?"

"कशाला म्हणे! डोळे गेले तसं डोकंही गेलं का? नदीभर हिंडलास, टेकाडावर चढून त्या पोराला फोन केलास, आणि सख्खी बहीण दोन घरं सोडून राहते तिला विचारायचं सुचलं नाही तुला?"

"तू बोलत नव्हतीस."

"बोलत नव्हते, गात तर होते!" ती जमिनीवर बसली, पाय पसरले. "हिच्याखाली पाळण्यात होते मी. माझ्या गळ्यात आई आहे, तुझ्यासारखी सुरीच्या टोकावर नाही. मी गाते, तू खरवड. एक पट्टी झाली की दुसरी. चल, ओतो, दार लाव, उपासाचं वाजवतात म्हणून ती एउलालिया बोंबलत येईल."

मी सिल्विनोकडे बघितलं. गेल्या कित्येक महिन्यांत मी त्याचं ते तोंड बघितलं नव्हतं. म्हातारा एकदम पोरासारखा दिसायला लागला. त्याने सुरी पालथ्या हातावर घासली, काठी उचलली आणि मधल्या पट्टीपाशी बसला. मलाही वाटलं, आपण सगळे किती गाढव. दोन घरांवर होतं, आणि आपण नदी धुंडाळली.

फिदेलिनाने डोळे मिटले आणि देवमातेच्या पाळण्याची पहिली ओळ लावली. तोच आवाज, जराही थरथर नाही. सिल्विनोने मधल्या पट्टीवर टोला मारला.

जुळला.

त्याने पुन्हा मारला. जुळला. कालीहून आल्यापासून त्या पट्टीला त्याने हात लावला नव्हता. तिच्याशेजारच्या पट्टीवर मारला, मग पुढच्या. फिदेलिना एकेक सूर चढत गेली आणि प्रत्येक सूर नेमका त्या खरवडलेल्या पट्टीवर जाऊन बसला, बुटक्या पायऱ्यांवरसुद्धा, न अडखळता. सिल्विनोच्या हातातली सुरी मांडीवर पडली. तो माझ्याकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे. आई आता लाकडात नव्हती, त्याच्या कानात नव्हती, आणि जिथे शेवटची असायला हवी होती त्या गळ्यातही नव्हती; तिथे आता फोनमधली कालीची मारिंबा बसली होती. त्या बाईसमोर रडायची सोय नव्हती.

तिने डोळे उघडले. "अरे, लागलीय की ही!" ती हसायला लागली, भावाच्या पाठीत एक धपाटा घातला. "मेल्या, लावून ठेवलीस आणि मला सांगितलं नाहीस? आणि मी वेडी इतके दिवस तोंड वाकडं करून बसले! बघ, बघ, कशी चोख लागलीय! आईच ही."

सिल्विनोने तोंड उघडलं. मला वाटलं तो आता सांगणार. मला वाटलं त्याने सांगू नये.

"हो ताई," तो म्हणाला. "लागली."

"मग वाजव ना! बसलास काय?"

उपासाचे दिवस होते, तरी त्याने दुसरी काठी उचलली. मी कुनुनो पुढे ओढला. फिदेलिनाने पाळणा पहिल्यापासून म्हटला, सगळी कडवी, आणि शेवटपर्यंत एकही सूर चुकला नाही.